१०८ ला दूरध्वनी केल्यावर पलीकडे काय घडते?

ओतूर परिसरातून रुग्णाला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांकडून प्रवेशपत्रिका भरताना एक तक्रार वारंवार कानी येते. "१०८ ला फोन लावला, पण पलीकडचा माणूस गाडी पाठवायची सोडून प्रश्नच विचारीत बसला." घरातील कर्ता माणूस अंगणात कोसळलेला असताना तालुका कोणता, वय किती, श्वास चालू आहे का, असल्या चौकशा ऐकून घेण्याइतका धीर कोणाजवळ असणार? तक्रार स्वाभाविक आहे. परंतु या समजापायी काही नातेवाईक मध्येच दूरध्वनी बंद करतात आणि त्यात नुकसान रुग्णाचेच होते. म्हणून प्रस्तुत अहवालात, आर्थिक पत्रके व कार्यवृत्तान्त यांच्या जोडीने, हे प्रश्न विचारणाऱ्या कर्मचाऱ्याला काय शिकविले जाते आणि का शिकविले जाते याची माहिती देण्याचे योजिले आहे. मी स्वतः वैद्यकीय शाखेचा नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा हा विषय वैद्यकीय परिभाषा टाळून मांडणे मला क्रमप्राप्तच आहे.

संकटकाळासाठी एकच सोपा क्रमांक असावा, ही कल्पना मूळची लंडनची. १० नोव्हेंबर १९३५ रोजी तेथील विंपोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजारच्या एका गृहस्थांनी आग दिसताच दूरध्वनी उचलला होता. परंतु त्यांचा दूरध्वनी इतर नित्याच्या दूरध्वनींच्या रांगेत अडकून पडला. त्यांनी वृत्तपत्रास संतप्त पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. हा क्रमांक फिरविताच केंद्रात लाल दिवा लागे व भोंगा वाजे, जेणेकरून तो दूरध्वनी आधी घेतला जावा. अमेरिकेत ९११ क्रमांकाची सुरुवात फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावी झाली. आपल्या देशात १०८ ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे सुरू झाली. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ पासून आली. प्रारंभीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत व ७०४ मूलभूत जीवरक्षक सुविधांच्या होत्या आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर असावा असे धोरण ठेवण्यात आले. संपूर्ण राज्याचे दूरध्वनी घेणारे केंद्र पुण्यातील औंध येथील उरो रुग्णालयाच्या आवारात उभे राहिले. शहरी भागात वीस व ग्रामीण भागात तीस मिनिटांत गाडी पोहोचावी, असे उद्दिष्ट होते. पुढे २०२१ पासून पोलीस व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांकही राज्यात कार्यान्वित झाला.

क्रमांक झाला, गाड्या आल्या. परंतु दूरध्वनी उचलणारा माणूस कसा असावा याचा विचार जगात बराच उशिरा झाला. पूर्वी हे काम कारकुनी मानले जाई. पत्ता लिहून घ्यावा व गाडी रवाना करावी, एवढेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे डॉ. जेफ क्लॉसन यांनी प्रश्नांच्या छापील पत्रिका तयार केल्या. तक्रार छातीतील कळेची असेल तर अमुक प्रश्न अमुक क्रमाने विचारावेत, भाजल्याची असेल तर तमुक. आणि गाडी पोहोचेपर्यंत घरच्यांकडून काय करवून घ्यावे हेही त्यावरच लिहिलेले. आज पत्रिकांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली असली तरी जगभरच्या केंद्रांतील प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. ऑपरेटरने आपल्या अंदाजावर विसंबू नये, ठरलेल्या क्रमाने विचारावे.

मोठ्या केंद्रांत दूरध्वनी घेणारा एक आणि गाडी रवाना करणारा दुसरा, अशी विभागणी असते. ठिकाण व मुख्य तक्रार संगणकात नोंदली गेली की ती माहिती दुसऱ्या मेजावर दिसते आणि तेथून गाडीस सूचना जाते. त्याच वेळी पहिला कर्मचारी आपल्याशी बोलतच असतो. म्हणजे आपण उत्तरे देत असताना गाडी निघालेली असू शकते. पुढील प्रश्नांमुळे गाडी थांबत नाही. गाडीतील डॉक्टरांना काय तयारीने यावयाचे ते कळते.

पहिला प्रश्न नेहमी ठिकाणाचा असतो, रुग्णाचा नव्हे. नातेवाइकांना हे निष्ठुरपणाचे वाटते. त्यामागील कारण साधे आहे : दूरध्वनी मध्येच तुटला आणि केवळ ठिकाण कळलेले असले, तरी गाडी पाठविता येते, रुग्णाची सविस्तर हकिगत कळली आणि ठिकाण राहून गेले, तर काहीच करता येत नाही.

आणि ठिकाण सांगणे हे आपल्या भागात वाटते तितके सोपे नाही. पुण्यात बसलेल्या ऑपरेटरला "ओतूरहून बोलतोय" एवढेच सांगितले तर त्याने लगेच तालुका विचारला पाहिजे, कारण नाशिक जिल्ह्यात कळवण तालुक्यातही ओतूर आहे. "ओझर" म्हटले तर विघ्नहराचे ओझर की नाशिकजवळचे? एकट्या जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद, वडगाव कांदळी व वडगाव साहनी अशी तीन वडगावे आहेत. पिंपळवंडी, पिंपळगाव जोगा, पिंपरी पेंढार ही नावे घाबरलेल्या माणसाच्या तोंडून अर्धीमुर्धी निघाली तर बाहेरच्यास सारखीच ऐकू येतात. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द तर आपण बोलताना गाळूनच टाकतो. त्यातही आपली बरीच वस्ती गावठाणात नसून मळ्यांत आहे. मळ्याला आडनाव असते, रस्त्याला नाव नसते, घराला क्रमांक नसतो. म्हणून ऑपरेटरला खुणा काढून घेण्याचे शिक्षण द्यावे लागते. कोणत्या डांबरी रस्त्यावरून आत वळावयाचे, कोपऱ्यावर मंदिर आहे की शाळा की दूध डेअरी, एस.टी.चा थांबा कोणता, विजेची डी.पी. कोठे आहे. शेवटी तो सर्व पत्ता आपल्याच शब्दांत परत वाचून दाखवितो. ऐकणाऱ्यास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. परंतु बहुतेक चुका याच टप्प्यावर सापडतात.

महामार्गावरील अपघातात अडचण वेगळी. कल्याण-अहिल्यानगर रस्ता ओतूरवरून जातो, आळेफाट्यास पुणे-नाशिक रस्ता त्यास छेदतो. येथे जखमीस पाहून थांबणारा प्रवासी बहुधा परगावचा असतो. त्याला मढ, खुबी, डिंगोरे ही नावे ठाऊक नसतात. त्याला विचारावयाचे ते असे : शेवटचे मोठे गाव कोणते लागले, तोंड कोणत्या शहराकडे आहे, जवळच्या किलोमीटरच्या दगडावर काय लिहिले आहे. माळशेज घाटात उभ्या माणसाचा मोबाईल घाटाच्या वरच्या बाजूच्या मनोऱ्यास जोडला जाईल की मुरबाडकडच्या, याचा नेम नसतो. पावसाळी धुक्यात तर त्यालाही आपण कोठे आहोत हे सांगता येत नाही. तेव्हा नकाशावरील ठिपक्यावर पूर्ण विसंबू नये, हेही प्रशिक्षणात सांगावे लागते. अपघातप्रसंगी लोक दूरध्वनी करण्यास कचरतात ते पोलिसांच्या भीतीने. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

ठिकाणानंतर भाषेचा प्रश्न. एका केंद्रात गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे दूरध्वनी येतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आपली मावळपट्टीतील बोली, या सर्वांत आजाराची नावे वेगळी. "अंगावरून वारं गेलं" असे एखादी आजी सांगते तेव्हा ती वाऱ्याविषयी बोलत नसून पक्षाघाताविषयी बोलत असते. रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली हे ऑपरेटरने त्याच दमात विचारून ठेवले पाहिजे. दातखीळ बसली, डोळे फिरवले, धाप लागली, छातीत कळ आली, या प्रत्येक शब्दामागे निरनिराळी पत्रिका उघडावयाची असते. शहरात वाढलेल्या तरुण कर्मचाऱ्यास संगणक आठवड्याभरात येतो. हे शब्द यावयास वेळ लागतो. माझ्या मते ग्रामीण भागातील मुलामुलींना या कामात अधिक संख्येने घ्यावे, कारण हे शिक्षण त्यांना घरातच मिळालेले असते.

सर्वांत कठीण भाग श्वासाचा. रुग्ण शुद्धीवर आहे का आणि नेहमीसारखा श्वास घेतो आहे का, या दोन प्रश्नांवर पुढचे सर्व अवलंबून असते. दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर हृदय बंद पडले असे धरून चालावे, असा दंडक आहे. अडचण अशी की हृदय बंद पडल्यानंतरही काही मिनिटे माणूस अधूनमधून आचके देतो, घरघर लागते. नातेवाईक ते पाहून "श्वास चालू आहे" असे सांगतात. ते खोटे बोलत नसतात, त्यांना तो श्वासच वाटतो. म्हणून ऑपरेटरला शिकविले जाते की केवळ "श्वास आहे का" असे विचारू नये. छातीकडे पाहावयास सांगावे आणि प्रत्येक श्वासाला "आता" म्हणावयास सांगावे. दोन "आता" मध्ये फार अंतर पडले की उत्तर मिळाले. मग वेळ न दवडता सूचना : रुग्णास खाटेवरून खाली कठीण जमिनीवर उताणे घ्या, छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवा, कोपरे ताठ ठेवून जोरात व भरभर दाबा. मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. ऑपरेटर दूरध्वनीवर मोठ्याने अंक मोजतो आणि पलीकडे मुलगा किंवा सून त्या तालावर दाबत राहते. ज्याने आयुष्यात कधी असे काही केले नाही त्याच्याकडून केवळ आवाजाच्या आधारे हे करवून घेणे, हे या प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे फलित मानले जाते. आपल्या भागात गाडी यावयास अर्धा तास लागणार असेल, तर त्या अर्ध्या तासात दुसरा उपायच नसतो.

शेतकरी भागात आणखी दोन पत्रिका वारंवार उघडाव्या लागतात. एक सर्पदंशाची. येथे ऑपरेटरचे अर्धे काम काही करू न देण्याचे असते : जखम कापू नका, तोंडाने ओढू नका, करकचून दोरी बांधू नका, साप पकडण्यास जाऊ नका, चावलेला भाग न हलविता, रुग्णास न चालविता आणा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींवर चालणारी लस हाफकिन संस्थेसारख्या संस्था तयार करतात. ती केवळ रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असते. मण्यारीचा दंश फसवा असतो. तो बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास होतो. वेदना जवळजवळ नसते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आवाज घोगरा येतो आणि घरचे अपचन समजतात. अशा तक्रारीवर "रात्री खाली निजला होता का?" हा एक प्रश्न विचारला गेला तर रुग्ण कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचू शकतो. दुसरी पत्रिका फवारणीच्या औषधाची. टोमॅटो, द्राक्षे व कांदा यांच्या पट्ट्यात ती औषधे घरोघर असतात. मीठपाणी पाजून उलटी करविण्याची आपल्याकडील रीत घातक ठरते. ऑपरेटरने ती थांबवावयाची असते, भिजलेले कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावयास सांगावयाचे असते आणि औषधाची बाटली सोबत आणावयास सांगावयाचे असते. विष कोणी मुद्दाम घेतले असेल तर "का घेतले" हे विचारावयाचे नाही, हेही शिकवावे लागते.

आवाजाविषयी थोडे. घाबरलेला माणूस ओरडतो, शिव्याही देतो. त्याला "शांत व्हा" म्हटल्याने तो शांत होत नाही, उलट भडकतो. म्हणून एक वाक्य निवडून ते त्याच शब्दांत, त्याच स्वरात, कारणासह पुन्हा पुन्हा म्हणावयाचे. "मला गावाचे नाव सांगा, म्हणजे मला गाडी पाठविता येईल." तिसऱ्या-चौथ्या खेपेस बहुतेक माणसे उत्तर देतात. वाक्य बदलले किंवा आवाज चढविला की सर्व पहिल्यापासून सुरू करावे लागते. वाचावयास हे सोपे वाटते. प्रशिक्षणार्थींपैकी एकाने नातेवाईक व्हावे, दुसऱ्याने ऑपरेटर, आणि दोघांनी पाठीस पाठ लावून बसावे, म्हणजे चेहरा दिसणार नाही, अशा रीतीने त्याचा सराव करता येतो.

या नोकरीचा ताण मात्र बाहेर फारसा कोणास ठाऊक नाही. केंद्रात येणाऱ्या दूरध्वनींपैकी मोठा भाग निरर्थक असतो. मुले खेळतात, कोणी चुकून लावतो, कोणी रात्री मुद्दाम छळतो. त्यांतून पुढचाच दूरध्वनी बाळंतिणीचा असतो आणि स्वरात मागच्याचा राग उमटता कामा नये. शिवाय ऑपरेटरला शेवट कळत नाही. गाडी पोहोचली की त्याचा दूरध्वनी संपतो. मोजलेल्या अंकांचे पुढे काय झाले, रुग्ण जगला की नाही, हे त्यास कोणी कळवीत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली. सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते एका एस.टी. चालकाच्या, आतून कळविण्यास जवळजवळ कोणी उरलेच नव्हते. १५१ माणसे गेली. अशा प्रसंगी पहिली खबर देणाऱ्याकडून काय काय काढून घ्यावयाचे (रस्ता कोठपर्यंत खुला आहे, मोबाईलला रेंज कोठे मिळते, अजून माती सरकते आहे का) हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र भाग असतो. आणि त्यानंतर त्या कर्मचाऱ्याला खुर्चीवरून उठवून, कोणी अनुभवी माणसाने त्याच्याशी बोलणे, हाही त्याचाच भाग व्हावयास हवा. त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते, असे मला वाटते.

हे सर्व राज्याच्या केंद्राविषयी झाले. परंतु ग्रामीण भागातील लोक १०८ इतकाच ओळखीच्या रुग्णालयालाही थेट दूरध्वनी करतात. रात्री दोन वाजता रुग्णालयाचा दूरध्वनी कोण उचलते? डॉक्टर आत रुग्णाजवळ असतात, परिचारिका वॉर्डात. उचलतो तो रखवालदार किंवा आयाबाई. तेव्हा दूरध्वनीचे शिक्षण द्यावयाचे तर त्यांनाच आधी द्यावयास हवे. आपल्याकडे दूरध्वनीशेजारी मोठ्या अक्षरांतील एक तक्ता व बांधलेली वही ठेवण्यात आली आहे. गाव व तालुका, जवळची खूण, दूरध्वनी क्रमांक, शुद्ध आहे का, श्वास कसा आहे. एवढे लिहून मगच आत निरोप द्यावयाचा. पाठीस पाठ लावून करावयाचा सराव आम्ही वर्गाचे फळे नसतानाही, भोजनगृहात करून घेतो. जे लिहू शकत नाहीत त्यांनी उत्तरे पाठ ठेवून परिचारिकेस सांगावीत, अशी सवय लावली जात आहे, आणि या कामी आयाबाईंची स्मरणशक्ती आम्हा कारकून मंडळींपेक्षा बरी असल्याचे दिसून येते.

सन्माननीय देणगीदारांपुढे एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. इमारत निधी व उपकरणे निधी यांस देणगी मिळणे तुलनेने सुलभ असते, कारण खोलीवर किंवा यंत्रावर दात्याच्या वडिलांच्या नावाची पाटी लावता येते. प्रशिक्षणास पाटी लावावयाची जागा नाही. हिशेबात ते बहुधा प्रवास, छपाई आणि किरकोळ खर्च यांत विरून जाते आणि कसर करण्याची वेळ आली की प्रथम त्यावरच कात्री चालते. बरे, हे शिक्षण एकदाच देऊन भागत नाही. माणसे बदलतात, आणि न बदललेली माणसेही वर्ष उलटले की क्रम विसरतात. म्हणून प्रशिक्षण खर्च हे स्वतंत्र शीर्ष असावे व त्यासाठीची रक्कम अन्यत्र वळविता येऊ नये, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांकडूनही काही अपेक्षा आहेत. घरातील भिंतीवर, मुलांसही वाचता येईल असा, आपला पूर्ण पत्ता तालुक्यासह व दोन पक्क्या खुणांसह लिहून ठेवावा. १०८ ला दूरध्वनी करणाऱ्याने रुग्णाजवळ थांबावे, अंगणात जाऊन बोलू नये. ऑपरेटर सांगेपर्यंत दूरध्वनी ठेवू नये. आणि ठेवल्यानंतर लगेच भाऊबंदांना खबर देण्यास तोच मोबाईल वापरू नये, कारण गाडीचा चालक वाट विचारण्यास त्याच क्रमांकावर दूरध्वनी करतो व तो व्यस्त लागतो. एकाने फाट्यावर, रात्र असल्यास विजेरी घेऊन, उभे राहावे. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत कोणास काही झाले तर मांडवीच्या कोणत्या काठावर आहात हे आधी सांगावे.

याखेरीज परिसरातील मळे, वाड्या व ठाकरवस्त्या यांच्या खुणांची एक वही रुग्णालयात तयार करण्याचे काम सुरू आहे. आपल्या वस्तीचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, सातबाऱ्यावरील गावाचे नाव, वळणावरची खूण आणि पावसाळ्यात गाडी कोठपर्यंत येऊ शकते, एवढी माहिती कार्यालयात समक्ष अथवा पोस्टकार्डाने कळवावी. खिरेश्वर, मढ व पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूच्या वाड्यांची माहिती प्राधान्याने हवी आहे. तेथे रेंज कोणत्या ठिकाणी उभे राहिल्यास मिळते हेही लिहावे.